चर्चला धर्म अडत नाही, आधीचं लग्न अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ३१ वर्षांचा, हिंदू मराठा, घर उत्तरेश्वर पेठेत, नोकरी कागलच्या एमआयडीसीत. मुलगी कॅथलिक, मूळ घराणं आजऱ्याकडचं, कोल्हापुरात नर्स. लग्न चर्चमध्ये व्हावं असा मुलीचा आग्रह आहे आणि मुलाची त्याला ना नाही. मुलाच्या आईला मात्र पोराला बाटवतील अशी धास्ती. फादरांनी बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहपूर्व शिबिर, बिशपांची परवानगी, नावं जाहीर वाचणं अशी मोठी यादी सांगितली. मुलाचं म्हणणं, त्याच्या एका मित्राचं लग्न दुसऱ्या एका चर्चमध्ये पंधरा दिवसांत लागलं, आणि मुलीच्या आत्तेभावाचं तर दुसरं लग्न तिच्याच पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चमध्ये, बँडबाजासकट झालं. त्याचं पहिलं मुंबईत रजिस्टर पद्धतीनं झालं होतं. मग हे नियम खरेच आहेत, की माणूस बघून लावतात? आणि अगदी शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता: 'माझं आधी एक लग्न झालं होतं, तिला घरच्यांनी दमदाटी करून उभी केली होती, ती पहिल्याच महिन्यात माहेरी गेली, पाच महिन्यांत सगळं मोडलं, संमतीनं घटस्फोट झाला आहे, त्याचा काही प्रश्न येणार नाही ना?'

मी कोल्हापुरात २३ वर्षं कौटुंबिक वकिली करते, स्वतः कॅथलिक आहे आणि विवाहपूर्व शिबिरात कायद्याचा तास घेते. तुम्ही धर्मांतरावर वीस ओळी लिहिल्यात आणि घटस्फोटावर दोन. माझ्या उत्तरात हे माप उलटं होणार आहे.

आधी आईंची धास्ती. लग्नासाठी तुम्हाला ख्रिस्ती व्हावं लागत नाही. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे, कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या लग्नाला अडथळा आहे हे खरं, पण तो बिशप दूर करू शकतात आणि नेहमी करतात. त्यासाठी मुलीला दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. 'होईल ते सगळं' हे शब्द नीट वाचा, ती हमी नव्हे. १९७० च्या आधी हे वचन दोघांकडून घ्यायचे. त्या वर्षी पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला आणि तेव्हापासून एरवी वचन फक्त कॅथलिक बाजूचं. तुमची सही घेतली, तर 'तिनं असं वचन दिलंय हे मला सांगितलं गेलं' एवढ्यापुरतीच. शिबिरात मी हा फॉर्म पडद्यावर दाखवते, तेव्हा मागच्या रांगेतल्या हिंदू सासवा पुढं सरकून वाचतात आणि मग खांदे जरा खाली येतात. (शिबिर जोडप्यांसाठी असतं, सासवांना बोलावलेलं नसतं. त्या येतात.)

तुम्हाला बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळं मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची पूर्ण उपासना) होणार नाही, नुसता लग्नविधी होईल. अर्ध्या तासात आटपतं. मंगळसूत्र चर्चमध्येच आशीर्वाद देऊन घालता येतं, आमच्याकडं ते सर्रास चालतं. हळद, सुपारी, वरात, जेवणावळ याला कुणाची हरकत नाही. पण संध्याकाळी हॉलवर पुन्हा अक्षता टाकून दुसरं लग्न लावायचं ठरवलं असेल, तर ते कॅनन लॉला चालत नाही. एकाच लग्नाची संमती दोन धर्मविधींत द्यायची नाही, असा नियम आहे. लोक करतात का? करतात. फादरांना कळतं का? कोल्हापूर एवढंही मोठं नाही. शिवाय त्या अक्षतांना कायद्याचा आधारही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लावायला दोघंही हिंदू असावे लागतात. एका रोमन कॅथलिक मुलानं हिंदू मुलीशी मंदिरात लावलेलं लग्न या कायद्याखाली टिकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली दिला आहे.

आता नियम माणूस बघून लावतात का, या प्रश्नाकडं येते.

कॅनन लॉमधल्या अडथळ्यांचे दोन ढीग आहेत. एक चर्चनं स्वतः केलेल्या नियमांचा. ते चर्च सैल करू शकतं. धर्म वेगळा असणं या ढिगात. मामेबहीण-आतेभावाचं लग्नही याच ढिगात. आपल्याकडं मामाची पोरगी हक्काची म्हणतात, चर्चमध्ये ती नात्यानं वर्ज्य, पण बिशप सूट देऊ शकतात. (चर्चनं सूट नाही दिली तर रजिस्टर करू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीतही मामेबहीण आहे, हे त्यांना माझ्या ऑफिसात कळतं.) दुसरा ढीग चर्च ज्यांना देवाचे किंवा निसर्गाचे नियम मानतं त्यांचा. सख्ख्या भावा-बहिणीला सूट नाही, बळजबरीला सूट नाही आणि आधीचं लग्न शाबूत असताना दुसऱ्याला सूट नाही. इथं फादर कितीही मऊ असले, बिशप कितीही ओळखीचे असले, तरी त्यांच्या हातात काही नसतं.

बाहेरून बघणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं. धर्माच्या भिंतीला दार असतं आणि घटस्फोटाच्या पडद्यामागं भिंत.

तुमच्या होणाऱ्या बायकोच्या आत्तेभावाचं गणित असं. तो कॅथलिक. कॅथलिक माणसाचं लग्न अधिकार असलेल्या फादरासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर झालं पाहिजे. ही अट १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं घातली आणि आजही तीच आहे. त्याचं पहिलं लग्न नुसतं रजिस्टर झालं, म्हणजे सरकारच्या लेखी झालं, चर्चच्या लेखी झालंच नाही. कोर्टातून घटस्फोट मिळाला, चर्चच्या ऑफिसात कागदपत्रं तपासली गेली आणि तो मोकळा झाला. बँडबाजाला अडचण नव्हती.

तुम्ही मात्र हिंदू. तुम्हाला ट्रेंटची अट लागू नव्हती. तुमचं पहिलं लग्न तुमच्या रीतीनं, सप्तपदीनं, चारचौघांत लागलं. चर्च ते खरं लग्न मानतं, आणि ते खरं नव्हतं असं सिद्ध होईपर्यंत टिकलेलं मानतं. चर्च आपल्या धर्माला कमी लेखतं, असं तुमच्या आईंना वाटतं ना? त्यांना सांगा, त्यांच्या भटजींनी म्हटलेल्या मंगलाष्टकांना चर्चनं पुरेपूर मान दिलाय आणि तुमची गाडी अडलीय ती त्यामुळंच. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं सरकारी बंधन सुटलं. चर्चच्या लेखी तुम्ही अजून विवाहित आहात.

हे ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसं चिडतात, आणि त्यांचा राग मला समजतो. शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिलेल्या या गावात, काडीमोड झालेल्या माणसानं पुन्हा लग्न करणं ही काही नवलाची गोष्ट नाही. चर्चची जागा तिथं वेगळी आहे, एवढंच सांगते. ती पटवून द्यायला बसले नाही.

वाट मात्र आहे, एक सोडून तीन.

पहिली, आणि तुमच्या बाबतीत मला बरी वाटणारी, चर्चच्या न्यायपीठाकडं अर्ज करायची: पहिलं लग्न मुळातच अवैध होतं असं ठरवून घ्यायचं. हा अर्ज कॅथलिक नसलेला माणूसही करू शकतो. तुम्ही लिहिलंय की ती पहिल्याच महिन्यात माहेरी गेली, तिचं दुसरीकडं होतं आणि घरच्यांनी दमदाटी करून उभी केली होती. हे खरं असेल आणि सांगायला माणसं पुढं आली, तर बळजबरीनं दिलेली संमती हे कॅनन लॉमधलं थेट कारण आहे. तिथं एक अधिकारी नेमलेला असतो, त्याचं काम लग्न वैध होतं ही बाजू मांडण्याचं. त्याचा राग धरू नका. तुमच्या पहिल्या बायकोला नोटीस जाईल. ती आली नाही तरी काम चालतं, पण आली आणि 'हो, मला जबरदस्तीनं उभं केलं' म्हणाली तर फार फरक पडतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही पद्धत बरीच सुटसुटीत केली. पूर्वी दोन न्यायपीठांचे सारखे निकाल लागायचे, आता एक पुरतो. दोघांची तयारी असेल आणि पुरावा स्वच्छ असेल, तर बिशपांसमोर आखूड पद्धतीनंही निकाल होतो. एरवी पहिल्या न्यायपीठानं वर्षाच्या आत निकाल द्यावा असं नियमात आहे. मी अशिलांना दीड वर्ष धरायला सांगते.

दुसरी वाट रोमची. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांचं लग्न चर्चच्या दृष्टीनं खरं असलं तरी बाप्तिस्म्यासारखा पवित्र संस्कार नसतं. असं बंधन श्रद्धेच्या हितासाठी सोडवायचा अधिकार पोपकडं आहे. अर्ज बिशपांमार्फत जातो. पहिला संसार पुन्हा जुळण्याची शक्यता उरलेली नाही, तो मोडण्यात तुमचा मुख्य दोष नाही आणि ही मुलगी त्याला कारण नव्हती, हे दाखवावं लागतं. या वाटेवर तुम्हालाही लेखी द्यावं लागतं की तिच्या श्रद्धेच्या आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या आड येणार नाही. वर म्हटलं ना, वचन एरवी एकाच बाजूचं. हा त्याचा अपवाद.

तिसरी वाट तुम्हाला कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगेलच: तू बाप्तिस्मा घे, म्हणजे पहिलं लग्न आपोआप सुटतं. यात अर्धं सत्य आहे. दोघंही बाप्तिस्मा न झालेले असताना लागलेलं लग्न, एकानं पुढं बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याला त्याच्यासोबत नांदायचं नसेल, तर सुटू शकतं. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या सातव्या अध्यायावर हे उभं आहे. पण आपोआप काही सुटत नाही. पहिल्या बायकोला रीतसर विचारावं लागतं आणि बंधन सुटतं ते नव्या लग्नाच्या क्षणी. शिवाय बाप्तिस्मा श्रद्धेसाठी असतो, लग्नाची तारीख मिळावी म्हणून नव्हे. जाणता फादर अशा घाईला नकार देतो आणि मला तो बरोबर वाटतो. तुम्हाला लागू नाही तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते: अनुसूचित जातीच्या मुलामुलीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्या दर्जावर पाणी सोडावं लागतं. लग्नाच्या गडबडीत हे कुणी सांगत नाही.

आणि चौथी, जी वाट नाहीच: घटस्फोट लपवायचा. मी एक प्रकरण जवळून पाहिलं. मुलानं 'अविवाहित' असं प्रतिज्ञापत्र दिलं. चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचली जातात ती याचसाठी, की कुणाला आक्षेप असेल तर त्यानं सांगावं. दोन रविवार शांत गेले. तिसऱ्या रविवारनंतर फादरांच्या टेबलावर एक पाकीट आलं, आत जुन्या लग्नाचा फोटो, बाशिंग बांधलेला. लग्नाला आठ दिवस उरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, बाहेरगावचे पाहुणे निघायच्या तयारीत. मुलीच्या वडिलांनी तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता दहा मिनिटं बसून राहिले. आणि समजा पाकीट आलं नसतं, लग्न लागलं असतं, तरी चर्चच्या दृष्टीनं ते फोलच होतं.

पंधरा दिवसांत उरकलेल्या मित्राबद्दल. 'चर्च' म्हणजे एकच संस्था नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथली बरीचशी ख्रिस्ती घरं प्रोटेस्टंट परंपरेतली आहेत, कॅथलिक नव्हेत. त्यांचे नियम वेगळे, घटस्फोटाकडं बघण्याची नजर वेगळी. तुमच्या मित्राचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं नसावं असा माझा अंदाज. तुम्हीही तसं करू शकता का? करू शकता, पण बिशपांच्या परवानगीशिवाय तिथं लागलेलं लग्न मुलीच्या चर्चला मान्य नसेल. शिवाय भाड्याच्या हॉलात प्रार्थना घेणारे काही स्वयंघोषित पाद्री लग्नंही लावतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे लग्न लावायचा अधिकार कुणाला आहे ते ठरलेलं आहे. अधिकार नसलेल्याकडून घेतलेलं सर्टिफिकेट घेऊन पासपोर्टसाठी हेलपाटे घालणारी जोडपी माझ्याकडं येतात.

मग सरळ रजिस्टर करावं का? विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तुम्ही नोटीस देऊन तीस दिवसांनी, तीन साक्षीदारांसमोर लग्न करू शकता. दोघं सज्ञान आहात, हुकूमनामा हातात आहे, कायद्यानं कुणी अडवणार नाही. दोन परिणाम मात्र आधी ऐका. मुलीला चर्चमधून काढून टाकत नाहीत, ती मिस्साला जाऊ शकते. पण ख्रिस्तप्रसाद (मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी कुणाची धर्ममाता म्हणून उभं राहता येत नाही. आजऱ्याच्या तिच्या घरात हे किती लागेल ते तीच सांगू शकेल, तुम्ही ठरवू नका. दुसरा परिणाम तुमचा. तुमची शेतजमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर या कायद्याखाली लग्न करताच तुम्ही कायद्यानं एकत्र कुटुंबातून विभक्त झालात असं धरलं जातं, आणि पुढचा वारसा हिंदू वारसा कायद्याऐवजी भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो. तुमचा हिस्सा बुडत नाही. पण भावाशी आधी बोला, नाहीतर तलाठ्याकडून कळल्यावर घरात वेगळीच लढाई सुरू होते.

'आत्ता रजिस्टर करा, चर्च नंतर सांभाळून घेईल' असंही कुणी म्हणेल. एरवी ते बऱ्याच अंशी खरं असतं. मुलाकडचे चर्चची पायरी चढायलाच तयार नसतील, तर बिशप त्या फादरापुढच्या विधीलाही सूट देऊन रजिस्टर लग्नच ग्राह्य धरू शकतात. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. पण या सगळ्या सवलती दोघं मोकळे असतील तर. तुमचं पहिलं बंधन सुटल्याशिवाय त्यातली एकही लागू पडत नाही.

याच्या उलट बाजूची गल्लत सांगून ठेवते, कारण महिन्याला एकतरी असा माणूस येतो: चर्चच्या न्यायपीठानं लग्न अवैध ठरवलं म्हणजे कोर्टाची गरज नाही, असं समजणारा. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चर्चच्या निकालानं कायद्यातलं लग्न संपत नाही. दोन्ही कागद लागतात. तुमच्याकडं त्यातला एक आहे.

बाकीची यादी फादरांचा लहरीपणा नाही. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण कॅथलिक माणसाचं लग्न त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिलं जातं; ताजा दाखला म्हणजे तिचं आधी कुठं लग्न झालेलं नाही याचा पुरावा. दाखल्यावर 'मारिया' आणि आधारवर 'मेरी' असेल तर आत्ताच दुरुस्तीला लागा. फादर तुम्हा दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतील: स्वतःच्या मर्जीनं करतोयस ना, कुणाचा दबाव आहे का, हे जन्माचं आहे हे कळतंय ना, मुलं हवीत ना. हा उपचार वाटतो, पण एक मुलगी त्या खोलीतून बाहेर आली आणि गाडीत न बसता रिक्षा करून मैत्रिणीकडं गेली, असंही मी पाहिलंय. तिला बाहेर पडायला जागा मिळाली ती त्या प्रश्नांमुळं. तारखेचं म्हणाल तर घोळ ठरलेला. तुमचे मार्गशीर्षातले मुहूर्त आमच्या नाताळाआधीच्या आगमनकाळात येतात, फाल्गुनातले ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आणि त्या दिवसांत आमच्याकडं सहसा लग्नं लावत नाहीत. चर्चला आषाढ चालतो, तो तुमच्या आईंना चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून फादरांकडं जा आणि पहिलं वाक्य घटस्फोटाचं बोला, शेवटचं नव्हे. सोबत हुकूमनाम्याची नक्कल न्या. झेरॉक्स चालणार नाही, प्रमाणित प्रत लागेल, त्यासाठी कसबा बावड्याला कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. पहिल्या लग्नाची पत्रिका, फोटो आणि त्या वेळी काय घडलं हे माहीत असलेल्या तीन-चार माणसांची नावं काढून ठेवा. त्यातलं एखादं तिच्या माहेरच्या बाजूचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि डिसेंबरसाठी लॉनला ॲडव्हान्स दिलाय असं लिहिलंय, तो परत मिळतो की तारीख पुढं सरकवून देतात, ते आजच विचारून घ्या.